खापर

दिवसा मी दात करते.
लोकांचे. लॅबमध्ये. पोर्सलीनचे.
छटांची पट्टी समोर: ए-टू, बी-वन, सी-थ्री.
कुणाचं हसू कितपत पिवळं
ते मला चेहरा न बघता कळतं.
रात्री तेच डोळे, तेच भिंग लावायची सवय,
फक्त टेबल स्वयंपाकघरातलं
आणि दातांऐवजी कानातली.

ड्रिल लॅबचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.
लीकच्या एका घड्याळजीनं दुकान मोडलं
तेव्हा अडतीस पौंडांना घेतलंय.

माल मात्र फुकट.
स्टोकमध्ये परसात फावडं मारलं
की बटाट्याआधी बशी निघते.
कॅनॉलच्या काठाला, ब्लॅकबेरीच्या काट्यांखाली
कपाचा कान, ताटाची कड,
निळ्या पुलावरून जाणारा
अर्धाच माणूस.
घासते, कापते, कडा मारते.
काच नाही, तरी चावते.
मग चांदीची तार, एक हूक,
पांढरं कार्ड, त्यावर शाईनं नाव: खापर.
गिऱ्हाइकं विचारतात, "केपर? ते आंबट असतं ते?"
हो म्हणते. रांग असली तर हो म्हणते.
रांग तशी नसतेच.

श्रीरंगनं एक्सेलमध्ये तक्ता केलाय.
बारा पौंडांच्या जोडीत
चांदी दोन-चाळीस, कार्ड, पिशवी,
हॉलमधल्या टेबलाचं भाडं,
आणि शेवटच्या रकान्यात माझा तास:
एक पौंड नव्वद पेन्स.
तेवढा रकाना पिवळा. बोलला काही नाही.
मी म्हटलं, हौसेला मोल नसतं.
म्हणाला, तेच तर लिहिलंय.

गेल्या शनिवारी बर्स्लेमच्या चर्च हॉलमध्ये
डावीकडे साबणवाला शिंकत होता,
उजवीकडे लोकरीचे घुबड,
आणि समोर डोरीन. ऐंशीच्या पुढची, ट्रॉलीवाली.
तिनं एक जोडी उचलली: हिरवं पान, तपकिरी देठ.
चष्मा कपाळावर ढकलून नाकाशी नेली.
"डक," म्हणाली,
(इथे सगळ्यांनाच बदक म्हणतात, प्रेमानं)
"हे पान चुकलंय. देठ आधी, मग पान.
हिनं पान आधी काढलंय.
नवी पोरगी असणार. नाहीतर सोमवार."

सतरा वर्षं ब्रश धरलेला. पैसे डझनावर.
डझनाला किती, विचारलं,
तर माझ्या बारा पौंडांच्या पाटीकडे बघून हसली.
दात तिचे नव्हते. ए-थ्री.
काम चांगलं होतं.

भट्टीतून तडकून आलं, की दोष पोरींचा,
पैसे पोरींचे कापायचे
आणि माल कॅनॉलवर ओतायचा, म्हणाली.
मला सांगायचं होतं
की आमच्यात दोष द्यायलासुद्धा खापरच लागतं,
फोडायला एक डोकं लागतं,
आणि पणजीच्याही मागे जायचं
तर आधी खापर लावावं लागतं.
इंग्रजीत यातलं काही जुळेना.
मी नुसती पिशवी उघडत राहिले.

पिशवी लागली नाही. कान टोचलेले नव्हते.
सोनारानं टोचले की दुखत नाही म्हणतात,
पण या वयात सोनार कुठून आणायचा?
तिनं जोडी ठेवली, चुकीच्या कार्डावर,
वळता वळता म्हणाली,
"चिमट्याची असती, तर."

आज तिसरी रात्र.
चिमटा माझ्याच कानाला लावून बसलेय.
सातव्या मिनिटाला पाळी लाल.
स्प्रिंग अर्धा वळसा सैल केली, तर
भांडी घासताना जोडी सिंकमध्ये.
पुन्हा.
श्रीरंगचा पिवळा रकाना
एक-दहावर आलाय, तो दाखवत नाही,
मी चोरून बघते.

चुकलेलं पान खिडकीत, वेगळं ठेवलंय.
विकायचंच नाही असं नाही.
पाटीवर काय लिहू, ते सुचत नाहीये.

झोपायला हवं.
सकाळी आठला एक दाढ आहे,
बी-टू, घाईची.