बारदान वजा

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात मी मापाडी.
दिवसभर काट्यावर पोती,
संध्याकाळी लोटनच्या दुकानात कॅसेटी.
दर आठवड्याला एका अल्बमवर
दीडशे शब्द लिहितो, साप्ताहिकात.
मानधन नाही, अंक फुकट;
त्याच अंकात लोटन कॅसेट गुंडाळून देतो.

या वेळी रेशमाबाई बैसाणेंची ‘बांधवरनी बोर’.
आठ गाणी.
दुसऱ्या बाजूचं तिसरं, दुसऱ्या कडव्यात,
‘माहेर’वर चढता चढता
बाईंना ठसका लागतो.
लहानसा. पेटी एक मात्रा चुकते,
ढोलकीवाला थांबत नाही,
आणि बाई तिथूनच पुढे जातात.

यावरून चार दिवस भांडण पेटलंय.

सुपडू मास्तरांकडे चार हजार कॅसेटी,
उसनी एकही देत नाहीत.
म्हणाले, हा रेकॉर्डिंगवाल्याचा आळस.
पुन्हा गाऊन घ्यायला काय धाड भरली होती?
गिऱ्हाईक पस्तीस रुपये मोजतं.
गफ्फार बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकतो,
म्हणून श्वासावर त्याचा हक्क जरा जास्त.
‘ती बाई शे मास्तर, मशीन नही.’
आधार म्हणाला, मला तर ऐकूच आला नाही.
मग दोन्ही पक्ष मिळून
आधारवर तुटून पडले.

पुन्हा मागे. पुन्हा तीच ओळ.
रीळ गुंतलं, पेन्सिल घालून ओढलं.
अकराव्यांदा ऐकताना तो ठसका
बाईंनी मुद्दाम घेतलेली जागा वाटला.
बाराव्यांदा नुसता खोकला.

रात्री लिहायला बसलो.
‘या गाण्यात ठसका आहे.’
एकटाच हसलो आणि खोडलं;
कोटी करून निसटायचं,
ही माझी जुनी खोड.
‘आवाजाला मातीचा गंध.’
माती मी रोज नाकानं ओढतो,
शिंका येतात. खोडलं.
‘श्रवणीय’ हा शब्द सात वर्षांत
सेहेचाळीस वेळा लिहिलाय, एकदा मोजले होते.
‘संगीत साजेसं.’ कशाला साजेसं?

काट्यावर बरं असतं.
पोतं आलं की आधी बारदान वजा,
मग ओल, मग देठ-कचरा.
उरेल ती मिरची.
गाण्याचं बारदान कोणतं धरायचं?
कव्हरवरचा निळा डोंगर?
बाई माझ्या मावसबहिणीच्या गल्लीत राहतात, ते?
पेटीवाल्यानं मला एकदा
मलईचा चहा पाजला, ते?
सगळंच वजा केलं तर हातात काय उरतं,
मला सांगता येत नाही.
काहीच नाही केलं, तर ती जाहिरात.

सकाळी पथारीवर
बाया देठ खुडत बसल्या होत्या,
तोंडाला पदर, डोळे लाल.
तेच तिसरं गाणं म्हणत होत्या, हळू,
कुणाला ऐकवायचं नव्हतं.
‘माहेर’पाशी आल्या
आणि सगळ्याच्या सगळ्या एक मात्रा थांबल्या.
त्यांना गाणं असंच पाठ होतं, खाचेसकट.
तेवढ्यात एकीला ठसका लागला.
मिरचीचा की गाण्याचा,
मी तिथेच उभा राहिलो तरी कळलं नाही.
‘काय पाही ऱ्हायना दादा? काटा कर ना.’

हे जसंच्या तसं लिहिलं.
वर माझं मत एकाच ओळीत:
चौथं आणि सातवं गाणं
या बाईंच्या आवाजाचं नाही,
कुणीतरी गळ्यात घातलेलं आहे.
संपादकांनी शेवटची तीन वाक्यं कापली;
बोअरवेलची जाहिरात आली होती.
बाया कापल्या गेल्या. चौथं आणि सातवं राहिलं.

मास्तर अंक घेऊन दुकानात आले,
चष्मा कपाळावर.
‘ते ठीक, पण ठसका चांगला का वाईट?
तुम्ही बाजूच घेतली नाही!’
मी म्हणालो, घेतली होती, मास्तर,
बोअरवेलखाली आहे.
गफ्फार म्हणाला, सातवं त्याला आवडतं
आणि मला कान नाहीत.
पेठेतला आवाज दुकानात येऊ नये
म्हणून लोटननं शटर अर्धं ओढलं,
बटण दाबलं.
कुणी बोललं नाही.
म्हणजे आधार सोडून.
कडवं सरलं तेव्हा तोच म्हणाला,
थांबा, पुन्हा लावा,
या वेळी मी बोलत होतो.