हॅम्बर्गला सामान कुठे घ्यायचं

बस धैवत, ते स्टूल पुढे ओढ.
पंड्याभाईंनी पाठवलंय, कळलं मला.
तिकीट अठरा तारखेचं, बॅग तेवीस किलोची,
त्यातले नऊ किलो आईचे खाखरे.
खाखरे कमी कर. आता ऐक.

स्टेशनाच्या मागल्या अंगाला निघालास
की श्टाइनडाम. तो तिथला आपला मंगळबाजार.
तूरडाळ अफगाण्याकडे. नाव घेऊ नकोस, बोट दाखव.
कोथिंबीर मोठ्या जुडीनं, मुळांसकट.
भाव करू देत नाही तो,
पण चौथ्या खेपेला ओळख धरतो
आणि पिशवीत वरून एक लिंबू टाकतो.

मोठ्या रस्त्याचं नाव माझ्या जिभेला झेपत नाही.
म्योंके... पुढचं तू बघ.
तिथं थंडीत शिरायचं. दारातून शिरताना
डोक्यावर गरम हवा येते, तिचे पैसे पडत नाहीत.
आणि तळ्याकाठचं ते दिव्यांचं, मजल्यांवर मजले असलेलं दुकान,
तिथे सुरसागरला जातो तसा जा,
एक फेरी मारायची, काही न घेता परत.

मंगळवारी आणि शुक्रवारी
रुळांच्या पुलाखाली बाजार भरतो.
वरून गाडी जाते, खाली बटाटे.
पाऊस असला तरी कोरडा.
एक वाजल्यानंतर जा,
आवरायच्या घाईत फुलवाली
देठ मोडलेली फुलं कागदात गुंडाळून अशीच देऊन टाकते.

रविवारी सगळं बंद.
बंद म्हणजे आपल्यासारखं नाही,
अर्धं शटर वर आणि आत शेठ, असलं काही नाही.
शनिवारी दूध विसरलास तर सोमवारी चहा.
फक्त पहाटे नदीकाठी मासळीबाजार.
तू मासे खात नाहीस, तरीही जा.
केळीवाला गाडीवर उभा राहून ओरडतो,
टोपलीच्या टोपली फळं एका नोटेत.
ते ओरडणं ऐकून ये.
नंतर आठवडाभर त्या गावात
मोठ्यानं बोललेलं काही कानावर पडणार नाही.

रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत.
दुकानात मशीन असतं, ते बाटली गिळतं
आणि चिठ्ठी देतं, चिठ्ठीचे पैसे.
आपल्या पस्तीवाल्यासारखं, फक्त वजनात मारत नाही.

काय म्हणालास? किती वर्षं होतो तिकडे?
मी?
मी सुरतेपर्यंत गेलोय. बटणं आणायला.

हेमांगी फोन चालू ठेवून
कोटाच्या खिशात टाकायची आणि बाजार करायची.
चार वर्षं, दर शनिवारी,
इथे दुपारची गिऱ्हाइकं जेवायला गेलेली असताना.
दिसायचं काहीच नाही. काळोख नुसता.
पण ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं,
नाणी, मग कुणाचं तरी "चूस",
म्हणजे अच्छा, येतो, तसं काहीसं.
घरी गेली की पिशवी पालथी करून
एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची, भाव सांगायची,
आणि मी बिलबुकाच्या पाठीवर नकाशा काढत जायचो.
हा बघ. हा पूल. हा अफगाणी.
इथे वांगी महाग, म्हणून फुली.

आता ती सगळं घरी मागवते.
दाराशी खोकं येऊन पडतं.
खोक्याला आवाज नसतो.

फाडून देऊ का हे पान? नको.
फोटो काढून घे तू.

आणि हे एक ठेव.
काळं, चार भोकांचं, बत्तीस नंबर.
एकच बटण सुटं कुणी देत नाही म्हणे तिकडे,
आणि गेल्या फोटोत तिच्या कोटाचं वरून दुसरं नव्हतं.
तुला मुद्दाम जायला जमलं तर.
नाही जमलं तर तुझ्या कोटाला लाव,
तिकडे कोट सगळ्यांनाच लागतो.

पाकीट आत घाल.
एका बटणाचं बिल मी आजवर फाडलेलं नाही.

हां बेन, बोला.
जांभळी लेस? किती मीटर?