कुत्रा वाचतो

मंगळवारी माझी पुस्तकांची बस
सालमिवारात वीस मिनिटं थांबते.
डिसेंबरात तिथे दोनलाच रात्र पडते,
म्हणजे दिवस उजाडलेलाच नसतो म्हणा.

त्या आठवड्यात ऐली कारप्पिनेन आली नाही.
शेजारचा पोरगा आला, हातमोजा दातांत धरून
त्याने चिठ्ठी उलगडली:
"न्यूमोनिया. ताप एकोणचाळीस.
काहीतरी हलकं पाठव, ओस्मो.
कुणी मरायला नको. युद्ध नको.
शेवटी सुधारणारा नवरा तर नकोच नको.
अक्षर मोठं असेल तर बरं."

बावीस वर्षं ही बस हाकतोय.
वाटायचं, हलकी पुस्तकं काय, पोत्याने आहेत.
इंजिन चालू ठेवून शोधायला लागलो
तर बेकरीच्या कादंबरीत पहिल्याच पानावर मावशी गेलेली.
(बेकरी वारसाने मिळायची, तर कुणाला तरी जावंच लागणार.)
दीपगृहातल्या प्रेमकथेत पहिला नवरा बुडालेला.
विणकाम मंडळाच्या गमतीजमती, भाग तीन:
लोकरीच्या टोपलीत प्रेत.
बाहेर उणे सव्वीस,
आणि माझ्या कपाळावर घाम.

उरलं एक, खेड्यातल्या गुरांच्या डॉक्टरचं.
मऊ भातासारखं पुस्तक,
वर थोडं तूप, मीठ बेतानं,
आजाऱ्याला चालेल असं.
फक्त पान एकशे बारावर
कुत्रा आजारी पडतो.
चांगला कुत्रा आहे. लंगडा.

पुस्तकात लिहू नये, ही पाटी
बसच्या दारावर मीच चिकटवलीय.
तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो
आणि एकशे अकराच्या तळाशी
पेन्सिलीने, फिकट, लिहिलं:
कुत्रा वाचतो. पुढे जा.

तीन आठवड्यांनी ऐली स्वतः आली,
ओव्हरकोटात दोन ऐली मावतील इतकी उरलेली.
म्हणाली, तापात तीच चार पानं
मी किती रात्री वाचली देव जाणे.
तोंडाला चव नव्हती, डोळ्यांना धीर नव्हता.
तुझी ओळ वाचली आणि बघते तर
कुत्रा खरंच वाचत बसलेला,
पायथ्याशी, माझाच चष्मा लावून,
ओल्या नाकाने पान उलटत.
आवाज? तुझ्या बसच्या डिझेलसारखा.
मी म्हटलं, वाच बाबा, तू वाच,
आणि झोपले. घामाने चादर भिजली.
सकाळी ब्लूबेरीचं सूप मागितलं.

ती गेल्यावर पान उघडलं.
माझ्या ओळीखाली थरथरतं अक्षर:
मीही.

पुस्तक मग कपाटात टिकेचना.
घसा बसलेले, पाय मोडलेले,
एक नवी आई, जिला दिवस-रात्र कळेनासे झालेले.
समासात मुंग्यांसारख्या ओळी चढत गेल्या:
"पान ६१ वर मटाराचं सूप आहे, भूक लागेल, तयारीने वाचा."
"वाढदिवसाच्या भांडणाला घाबरू नका, केक शाबूत आहे."
"डॉक्टर बावळट आहे, पण आपला आहे."
मुख्य शाखेला यातलं काही कळवलेलं नाही.

मार्चमध्ये ताइस्तोकडून पुस्तक परत आलं.
त्याच्या मुलीने आणून दिलं, पिशवीत, घडी करून,
जसे धुतलेले कपडे परत करतात.
काही बोलली नाही. मीही नाही.
बसच्या तिकिटाची खूण होती आत,
पान नव्वदवर.
तिथे कुत्रा अजून बर्फात उंडारतोय,
आजार त्याच्या गावीही नाही.

वेळापत्रकात यासाठी जागा नाही.
तरी हँडब्रेक ओढला, हीटर वाढवला,
आणि एक्याण्णवपासून वाचत गेलो, मोठ्याने,
रिकाम्या बसला,
एकशे अकरापर्यंत, आणि त्याच्या पुढचं एक पान.

पुढच्या गावी पोचायला उशीर झाला.
तिथल्या बायका पाय आपटत उभ्या होत्या.
सांगितलं, रस्त्यात रेनडिअर होते.