वैदेही कूलर्स, इतवारी

लांजेवार बाई म्हणाल्या, कागद आणा.
जीएसटीचे, बँकेचे,
आणि दुकान कोणाच्या नावावर आहे ते.

दुकान त्याच्या नावावर.
माझं फक्त पाटीवर.
पाटी पुराव्यात धरतात का, विचारलं.
बाई चष्मा पुसत राहिल्या.

अकरा उन्हाळे खस भरली जाळ्यांत.
बोटांत काड्या रुतायच्या,
रात्री निहार सुईनं काढून द्यायचा, मोजत.
सीएच्या कागदावर ते सगळं
‘घरगुती मदत’.

मग माळ्यावर उधारीची वही सापडली, माझ्या अक्षरातली:
एकेचाळीस पंप, सहा मोटारी,
खामल्याच्या मेसवाल्याकडे अजून साडेतीन हजार.
बाई पहिल्यांदा हसल्या.
हे बोलतं, म्हणाल्या.

आणि निहार?
त्याचा ताबा, त्याला भेटीचा हक्क.
ताबा. जसा गोदामाचा घेतात.

दुसरा, चौथा शनिवार.
कोर्टाची ती खोली, भिंतीवर हत्ती,
चाक नसलेली जीप.
नागपूरचा मे, आणि आतला कूलर नुसताच घुरघुरत होता.
‘पप्पा, हा बंद पडून राहिला ना,’
निहारचा आवाज आला, मग पेचकसाचा,
मग दोघांचाही नाही, बराच वेळ.

मी बाहेर बाकावर.
पंप धरला. पाणी चढलं.
एका बाजूची जाळी उलटी बसवली होती त्यानं,
ठिबकण्यावरून कळलं मला.

आत जाऊन सांगावं का?
याबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.