साडेबारा टक्के

बेलापूरच्या सेक्टर पंधरात, केकच्या दुकानाखाली
एक तळघर आहे. गुरुवारी तिथं लोक हसायला येतात.
भिंतीवर खोट्या विटांचा कागद,
माइकवर आधीच्या सहा जणांची थुंकी.

यादीत मी तिसरी होते.
निहार म्हणाला, तुला शेवटी ठेवू का? व्हरायटी म्हणून.
घणसोलीची शेवटची बस दहा पन्नासला,
हे मी बोलले नाही. बोलले असते
तर तोच त्याचा पुढचा जोक झाला असता.

सहा जणांनी सहा बायकांवर विनोद केले.
एकीला गाडी मागं घेता येत नव्हती,
एकीला गप्प बसता येत नव्हतं,
एकीचा तर नुसता स्वयंपाक होता, ती नव्हतीच.
सहापैकी एकही तिथं हजर नव्हती.
घरी असतील. मुलं झोपवायला कुणीतरी हवंच ना,
नवरा विनोद करायला गेल्यावर.

मग निहार म्हणाला, आता एका मुलीसाठी जोरात टाळ्या,
बिचारी हिंमत करून आलीय.
(संपलं. हिंमत करून आलेल्या माणसावर कोण हसतं?
त्याला शाल आणि नारळ देतात.)

दिवसा मी कांदा-बटाटा मार्केटात गाळ्याचे हिशेब लिहिते,
पन्नास हमालांत माझा आवाज शेवटच्या ट्रकपर्यंत जातो.
पण त्या उजेडात मला दिसली
दुसऱ्या रांगेतली ती, मित्राबरोबर आलेली.
हसू आलं की आधी त्याच्याकडं बघायची,
तो हसला की मग हसायची.
अर्धा सेकंद उशिरा, दरवेळी.
मला वाटलं, स्पीकरमध्येच काहीतरी आहे.

मी म्हटलं:
सिडकोनं आमची अख्खी शेती घेतली,
साडेबारा टक्के परत दिली.
लग्नाचंही तसंच.
अख्खी बाई जाते, साडेबारा टक्के परत मिळते,
तीही सासूच्या नावावर.

शांतता.
वर केकवाल्यानं शटर ओढलं.
मग ती हसली. मित्राकडं न बघता,
नाकातून, घुर्र करून,
आणि लगेच हात तोंडावर.

खाली उतरल्यावर एक जण म्हणाला,
छान होतं, पण तुम्ही बायका सारख्या नवऱ्यावरच का बोलता?
माझं लग्न झालेलं नाही, मी म्हटलं.
यावर तो पोट धरून हसला.
रात्रीतला माझा सगळ्यात मोठा लाफ, जिन्यात.

मानधन एक कोल्ड कॉफी. रिक्षाला दोनशे ऐंशी.

व्हिडिओ माझ्याआधी घणसोलीत पोचला होता.
आई ओट्याशी. पाठीनंच म्हणाली,
तळवलीचं स्थळ आता विसर.
कोपऱ्यात ठमाआते, मोबाइल कानाला लावून.
चित्र नको तिला, नुसता आवाज.

ठमाआते धवलारीण. चाळीस वर्षं हळदीच्या रात्री
बापयांना ओसरीवर हाकलून, आतून कडी घालून
तिनं बायांना लोळवलंय
नवरदेवाच्या, सासऱ्याच्या, जमीन मोजायला आलेल्या साहेबाच्या नावानं.
बाहेर बापये विचारायचे, येवढं काय झालंय यांना?
आणि दुसऱ्या दिवशी मांडवात सांगायचे,
बायांना गंमत कळत नाही.

तिला माइक कधी नव्हता. कडी होती.

तीनदा ऐकलं तिनं. फोन मांडीवर पालथा ठेवला.
"सेवटाला घाय केलीस. थांबाचा.
बायांना तोंडातला पदर काराला टाइम लागतं."

आणि जोक?

"जोक माजा हाय. रबाल्याच्या हळदीतला."
पानाला चुना लावला, पुसला, परत लावला.
"आनि सासूच्या नाय, दिराच्या नावावर बोलाचा.
सासू पन तवा आतच बसलेली आसते,
हांसाला."