दिखस का?

पंचायतीच्या टीव्हीला लाकडी पेटी,
पेटीला कुलूप,
कुलपाची किल्ली लोटन तात्याच्या करदोट्याला.
आणि अँटेनाला मी.

अकरा वर्षांचा. वजनाने हलका.
जड माणूस चढला की धाब्याची माती
खाली बसलेल्यांच्या डोक्यावर गळायची,
म्हणून निवडलेलं पोर.

खाली एकमेकांना विचारायचे, दिखस का?
मला कोणी विचारत नव्हतं, फक्त सांगायचे:
उनं, उनं... गयं!
तठेच ऱ्हाय. हालू नको.

वर्गणीची वही होती, शंभर पानी,
मागच्या बाजूने दुधाचा हिशेब.
सुपडू मिस्तरी, बांबू एक.
रहीमतुल्ला पिंजारी, पेटीला आतून कापसाची गादी,
धूळ बसू नये म्हणून.
बुधा पावरा, डिंक दोन शेर;
डिंकाचं काय करायचं कोणी विचारलं नाही,
चोपड्याच्या बाजारात विकून तार आणली.
अंजनाबाई कोळीण, रोख सव्वा रुपया,
पुढे तिची अट, तात्याच्या अक्षरात:
बातम्या संपल्या की लगेच पेटी लावायची नाही.

केंद्राचे हंगाम वेगळे होते, आमचे वेगळे.
ऐन थंडीत, गाव शेतावर भरताची वांगी भाजत असताना,
ते भाताच्या खाचरातल्या किडीविषयी बोलायचे.
भात इथे पंगतीपुरता. तरी बायका मान डोलवून ऐकायच्या,
दारात आलेल्याला बस म्हणावं तसं.
मे महिन्यात सुटीतले खास कार्यक्रम
नेमके भरदुपारी, आणि दुपारी वीज नाही.
मग डिगंबर नेहेते ट्रॅक्टरची बॅटरी काढून द्यायचे
आणि ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत ढकलायचे.

त्या वर्षी अखाजीला केंद्राची निळी गाडी आली.
तीन माणसं, एक कॅमेरा, एक छत्री कॅमेऱ्याला.
निंबाच्या झोक्यावर माझी सिंधू फुई,
माहेराला आलेली, सगळ्यात उंच,
गाण्यातही तीच पुढे.
महिन्याने कार्ड आलं: शनिवारी, साडेसहाला दाखवणार.
तोवर फुई परत उधन्याला गेली होती,
तिथल्या चाळीत टीव्ही कोणाकडेच नव्हता.

शनिवारी वारा.
वहीत नसलेले लोकही आले,
तात्याने कोणालाच हटकलं नाही.
मी बांबूला दोन्ही हातांनी मिठी मारली.
पोटरीवर मुंगळा चढत होता. चढू दिला.
खालून एकदम: उनं!
आणि मग काहीच नाही,
इतकी माणसं आणि कोणी खोकलंसुद्धा नाही.

मला दिसलं ते एवढंच:
खिडकीतून अंगणात पडलेला निळसर उजेड,
त्यात सोडलेल्या चपला, मध्येच उजळणाऱ्या, मध्येच विझणाऱ्या.
तापीपलीकडे सातपुड्यात वणवा, सुईएवढा.
गाणं ऐकू आलं, पण पेटीतून आलेलं,
जशी फुई कुठल्यातरी रांजणात बसून गाते आहे.
चाळीस सेकंद, तात्या म्हणाला.
मिस्तरी म्हणाला, दोन मिनिटं तरी.

उतरलो तेव्हा सगळे एकाच वेळी बोलत होते.
तोंड दिसलं. नाही, नुसते पाय दिसले.
रडत होती. चल, हसत होती ती.
अंजनाबाई म्हणाली, दोरीवरचा हात दिसला,
बांगड्यांवरून मी वळखला.

फुईला कार्ड मीच लिहिलं, कारण लिहिता मला येत होतं.
छान दिसलीस, लिहिलं.
लुगड्याचा रंग हिरवाच वाटला, लिहिलं.
पंचायतीचा टीव्ही काळा-पांढरा होता, हे नाही लिहिलं.

तिचं उत्तर दिवाळीत, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं:
तू दखं ना, मंग झायं.

ते कार्ड पुष्कळ दिवस दप्तरात होतं.
आता तो प्रक्षेपणाचा मनोराही उतरवला म्हणतात,
भंगारात गेला, वजनावर.
बांबू मात्र नेहेत्यांच्या गोठ्यात आहे, आडव्या वाशाला.
परवा हात लावून पाहिला.
लावला, आणि उगाच
जरा वेळ हललो नाही.