वीस मिनिटं

काचेची नळी लागते, कोरडी. प्लास्टिकची चालत नाही.
दोन मिली रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची,
आणि वीस मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही.
मग एकदाच कलती करायची.
वाहिलं तर घोणस, किंवा फुरसं.
थिजलं तर सुटलो, असं आम्ही समजतो.

सव्वीस वर्षं हे करतेय, कळव्याला,
खाडीकडच्या खिडकीपाशी.

गणपती गेले त्या आठवड्यात सगळं ठाणं तापलं होतं.
मुंब्र्यात, राबोडीत, कोलशेतच्या चाळींत
साचल्या पाण्यातून चाललेले पाय,
पायांना चिरा, चिरांतून लेप्टो.
नमुने क्रेटांतून यायचे, दुधाच्या पिशव्यांसारखे.
रेसिडेंट गुप्ते साथीवर प्रबंध लिहीत होता.
लॅबच्या भिंतीवर त्याचा नकाशा, नकाशावर टाचण्या.
नवी टाचणी टोचताना थोडा खूश व्हायचा,
मग शरमून आम्हाला चहा पाजायचा.

पहाटे चारला येऊरच्या पाड्यावरून एक आली.
सोमी बरफ, वय अकरा.
पोटात कळा, दोन उलट्या.
कागदावर: लेप्टो?
त्या आठवड्यात सगळ्यांच्याच कागदावर तेच होतं,
स्कूटरवरून पडलेल्याच्यासुद्धा.

रक्त घ्यायला वाकले. अंग गार.
"डोळे उघड गं."
तिनं कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर ओढल्या,
पापण्या काही हलेनात.
बाप म्हणाला, भुईवर निजतो आम्ही,
पण चावलं नाय काय. बघा ना, खूण कुठं आहे?

तरी नळी उभी केली.
वीस मिनिटांनी कलती केली.
घट्ट गुठळी, पिकल्या जांभळासारखी.
इतकं चांगलं रक्त आठवडाभरात पाहिलं नव्हतं
आणि त्यालाच मी घाबरले.

मण्यार रक्ताला शिवत नाही.
झोपेत येतो, डास चावावा तेवढंच करतो,
आणि नस स्नायूला जो निरोप धाडते
तो मधल्या मध्ये खातो.

जिना उतरून धावले. चप्पल एक वरच राहिली.
गुप्तेनं ऐकलं, हे त्याचं मोठेपण.
दहा बाटल्या प्रतिविष चढवलं.
तरी उजाडता उजाडता श्वास थांबला.
व्हेंटिलेटर सात, सातही तापाच्या फुप्फुसांपाशी.
मग रबरी फुगा, आणि हात:
बापाचे, वॉर्डबॉय दगडूचे, माझे.
दाबायचं, सोडायचं.
वीसपर्यंत मोजायचं, परत एकपासून.

गुप्तेनं बॅटरी मारली तिच्या डोळ्यांत.
"बाहुल्या हलत नाहीत," म्हणाला.
"बाई, बहुतेक गेली ही."
मी चौदावर होते. पंधरा म्हटलं.

दुपारी व्हेंटिलेटर मिळाला.
तो का रिकामा झाला, कुणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी करंगळी हलली.
नवव्या दिवशी उठून बसली, भाकर मागितली,
आणि सुई घेऊन आलेल्या मला ओळखलं,
चेहऱ्यानं नाही, आवाजानं.
"तू सतरा दोनदा बोलायचीस," म्हणाली.
"मग अठरा गाळायचीस.
मला वाटं, आता माझा एक श्वास चुकंल."
आणि गुप्तेकडे बोट करून,
"यो बोल्ला, गेली.
मी आत ओरडत होती."

संध्याकाळी गुप्तेनं येऊरची टाचणी उपटली.
ती हातात धरून बराच वेळ नकाशासमोर उभा.
मग माझ्याकडे न बघता:
"भोईरबाई, जुनी रजिस्टरं ठेवलीत का तुम्ही?
ताप नाही, रक्त ठीक, आणि तरी..."

किल्ली माझ्या कमरेलाच होती.
कपाट उघडलं. कागदांना वाळवीचा वास.
पहिलं पान काढलं. पावसाळा, पंधरा वर्षांपूर्वीचा.
अक्षर माझंच.